बंबखान्याची वर्गणी

माधवीताई,

तुझा पेजर परत न्यायला हेंक आला, तेव्हा मी तुमच्या स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. तू जाऊन आठ दिवस झाले होते. घरात सारखं कोणी ना कोणी येत होतं, कॉफी होत होती, कप विसळले जात होते, आणि कोणाशी बोलावं लागू नये म्हणून मी हातातलं फडकं खाली ठेवतच नव्हते. हेंक दारातच थांबला. गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा प्रमुख, चौकटीला डोकं लागेल एवढा उंच, आणि विनायकदादांसमोर पार अवघडून गेलेला. म्हणाला, "माफ करा, पण तो दलाचा असतो. नोंद करून परत घ्यावा लागतो."

विनायकदादांनी मान हलवली, पण जागचे उठले नाहीत. स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्याकडे ते बघतही नव्हते. मग मीच मिक्सरच्या मागचा पेजर काढून दिला. त्याचा हिरवा दिवा चालू होता. हेंकनं तो आमच्यासमोर बंद केला नाही. खिशात घातला, बाहेर गेला, आणि गाडीत बसल्यावर बंद केला. मला खिडकीतून दिसलं.

तुझ्याबद्दल इतरांनी लिहून झालंय. गावच्या साप्ताहिकात गणवेशातला फोटो आला. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी 'नेदरलँड्समधली पहिली मराठी फायरवुमन' असं लिहिलं आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली. पहिली कशावरून, असं तू लगेच विचारलं असतंस. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. तू मध्येच उठून गेलीस आणि मी इथे माझी बाजू धरून बसले आहे.

आपली ओळख तुझ्या ओरडण्यानं झाली. आइंडहोवनमध्ये नोकरी लागल्यावर तिथलं भाडं परवडेना, म्हणून मी या गावात सायकलच्या दुकानावरची खोली घेतली होती. पहिलाच आठवडा होता. सकाळी बसथांब्याकडे सायकलवरून जात होते, मोबाइलवर नकाशा बघत, रस्त्याच्या अगदी मधोमध. आणि मागून आवाज आला, "सरक गं बाई, सरक!" मी सरकले. गमबूट घातलेली, केसांत माती असलेली एक बाई तिच्या सायकलवरून जिवाच्या आकांतानं पुढे गेली. ती कोपऱ्यावर दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे मला कळलं की मला मराठीत ओरडलं होतं.

संध्याकाळी तू दुकानापाशी आलीस. "सकाळी तुलाच ओरडले ना? घाई असली की मला डच सुचतच नाही. पण तू सरकलीस म्हणजे आपली."

"काय झालं होतं?"

"गवताच्या गंजीला आग. विझली. जेवलीस का?"

सांगलीची मुलगी, झाडांच्या रोपवाटिकेत कुंड्या भरणारी, पेजर वाजला की काम टाकून बंबावर जाणारी. हे सगळं मला पुढे हळूहळू कळलं. दलात कशी गेलीस ते तू दर नव्या पाहुण्याला सांगायचीस आणि विनायकदादा दर वेळी डोक्याला हात लावायचे. पालिकेचा शिक्का असलेलं पत्र आलं होतं : दिवसा गावात असणाऱ्या माणसांची दलाला गरज आहे, सोमवारी माहिती घ्यायला या. तुला वाटलं, पालिकेचं पत्र म्हणजे हजर राहायलाच हवं. कराचं, कचऱ्याचं, सगळ्याच पत्रांचं तसं असतं. तू पासपोर्ट आणि दोन फोटो घेऊन गेलीस.

"तिथे गेले तर सगळे टाळ्या वाजवायला लागले," तू सांगायचीस. "म्हटलं, इथे कर भरायला आलं की टाळ्या वाजवतात वाटतं."

"आणि मग निघून यायचं ना," विनायकदादा.

"टाळ्या वाजवल्यावर निघून कसं यायचं हो?"

पण दिवसा खरंच माणसं नसायची. बहुतेक स्वयंसेवक आइंडहोवनला नोकरीला. ठरावीक माणसं जमल्याशिवाय बंब हलवता येत नाही, आणि कितीतरी वेळा ते शेवटचं माणूस तू असायचीस, गमबूट घातलेली. आपला बंब निघाला नाही तर कालव्यापलीकडच्या गावातून यायचा. मधला पूल बोटीसाठी वर गेला असला तर तो पलीकडे उभा राहणार आणि इकडे आग आपलं काम करत राहणार.

स्टेशनला तू बंबखाना म्हणायचीस. तो शब्द मला तुझ्याकडूनच मिळाला. माझ्या इंग्रजी शाळेत त्याला फायर स्टेशनच म्हणायचे. तू मला पहिल्यांदा आत नेलंस ते आठवतं. आधीच्या लहान गाडीसाठी बांधलेली ती खोली. नवा बंब दोन्ही बाजूंचे आरसे मिटवून, श्वास रोखल्यासारखा आत घ्यायचा. त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा, आणि त्या जागेत सगळ्यांनी कपडे बदलायचे, इंजिन चालू, धूर तिथेच. काजळीनं माखलेले कोट आणि धुतलेले कोट एकाच दांडीवर. तुझ्यासाठी कोपऱ्यात न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा लावला होता, बदकांची चित्रं असलेला. तू म्हणालीस, "हा माझा राणीमहाल." मी हसले नाही. मला ते बघून कसंतरी झालं होतं. तेव्हा बोलले नाही, म्हणून आता सांगते.

हेंक नव्या इमारतीसाठी कितीतरी दिवस पालिकेच्या मागे होता. चिकाटीनं, न चिडता, दर बैठकीला तीच फाइल घेऊन. पालिकेतल्या ज्या बाईंकडे हे खातं होतं त्या दर वेळी म्हणायच्या, पुढच्या अंदाजपत्रकात बघू. हेंकला वाटत होतं की या खेपेला खरंच होईल. आणि मग तो तीन आठवडे तंबू घेऊन फ्रान्सला सुट्टीवर गेला.

त्याच तीन आठवड्यांत एका दुपारी आपण तुझ्या टेबलाशी मटार सोलत होतो. तू पालिकेवर करवादत होतीस. आणि मी, जिनं त्या तासाभरात चार वाक्यंही बोलली नसतील, म्हणाले, "आमच्या सोसायटीत असतं तर वर्गणी काढली असती."

तू मटार सोलायची थांबलीस.

"परत म्हण."

"काही नाही. सहज म्हटलं."

"सहज नाही. अनू, तुझ्या डोक्यात असलं काय काय असतं आणि तू ते आत ठेवून बसतेस?"

दुसऱ्या दिवशी तू पावतीपुस्तक छापायला टाकलंस. घरोघर तू गेलीस. मी नाही. मी म्हटलं, मला दारं वाजवायला जमत नाही. मी बाकीचं करते. इथेही लोक समाजकार्यासाठी दारोदार फिरतात, पण बंद डबा घेऊन. वरच्या फटीतून कोणी काय टाकलं ते डब्यालाही कळत नाही. तू पावती फाडून दिलीस, नाव आणि रक्कम घालून. लोकांना गंमत वाटली. तुला नाही कोण म्हणणार होतं? शेतावरच्या आगीत ज्यांची गुरं तू हाकून बाहेर काढली होतीस, ते लोक होते ते.

आणि मग यादी. ती माझी, ताई. पूर्णपणे माझी. आमच्या सोसायटीत गणपतीत जिन्याखाली वर्गणीदारांची यादी लागायची आणि येता-जाता सगळे आपलं नाव शोधायचे. मी तुला म्हटलं, यादी तर लावायलाच हवी, लोकांचे आभार नकोत का मानायला? सायकलवाल्याकडून एक फळी आणली, पांढरा रंग आणला. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेनं दिलेली तेवढी एक गोष्ट माझ्याकडे आहे. नावं आधी एक्सेलमध्ये घातली आणि सवयीनं रकमेप्रमाणे लावली, मोठी वर, लहान खाली. अजिबात विचार न करता. कामावर दिवसभर तेच करते. दोन संध्याकाळी बसून ती फळी रंगवली आणि तू ती बंबखान्याच्या भिंतीला लावलीस, रस्त्याकडे तोंड करून, बसथांब्यासमोर.

मला त्या फळीचा अभिमान वाटला होता, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

शेवटचं नाव तोसआजींचं होतं. समोरच्या घरातल्या, पेन्शनवर राहणाऱ्या. पाच युरो. दुसऱ्या दिवशी त्या कोट घालून, केस नीट करून, रस्ता ओलांडून तुझ्याकडे आल्या आणि वीसची नोट पुढे केली. म्हणाल्या, बदलून लिही. तू नको नको म्हणत राहिलीस, त्या नोट तुझ्या हातात कोंबत राहिल्या. शेवटी नोट फळीच्या कडेला खोचून त्या निघून गेल्या. तू माझ्या खोलीवर आलीस तेव्हा तुझा चेहरा उतरला होता.

"मी त्या म्हातारीला भर रस्त्यात लाजवलं गं."

'मी' म्हणालीस. तेव्हाच. पहिल्यांदा तेव्हा म्हणालीस आणि मी ऐकून घेतलं.

त्याच संध्याकाळी आपण फळी काढली. नोट तू परत देऊन आलीस. पण तोवर पालिकेच्या बाई तिथे येऊन गेल्या होत्या आणि त्यांनी फोटो काढला होता.

पुढच्या बैठकीत त्यांनी तो फोटो पडद्यावर दाखवला. किती सुंदर, असं म्हणत. गावाला हे स्टेशन मनापासून हवं आहे आणि गाव त्यासाठी खिशात हातही घालतं, हे इथे स्पष्ट दिसतं. तेव्हा इमारतीच्या खर्चाचा एक हिस्सा गावानं उचलावा, अशी अट घालणं रास्त होईल. हिस्सा ठरल्या मुदतीत जमला तर बांधकाम. नाहीतर दल बंद आणि कालव्यापलीकडची गाडी. आधी असं कोणी कधी म्हटलंच नव्हतं. रस्ते, शाळा, बंबखाना, हे सरकारनं करायचं, आणि माणसांनी आपला वेळ फुकट द्यायचा, एवढं इथे ठरलेलं होतं. आपण त्यात पावतीपुस्तक नेलं.

त्या सोमवारी तू मला सरावाच्या आधीच्या कॉफीला घेऊन गेलीस. "चल गं, कोणी खात नाही तुला." हेंक परत आला होता, उन्हानं भाजलेला. त्याच्या हातात त्या फोटोचा छापील कागद होता. सगळे बंबाच्या कडेनं उभे होते. त्यानं आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "ही यादी कोणाच्या डोक्यातून निघाली?"

माझ्या एका हातात कॉफी होती, दुसऱ्या हातात बिस्किट. मला आठवतं, मी बिस्किटाकडे बघत होते.

"माझ्या," तू म्हणालीस.

"आणि लिहिली कोणी?"

"तीही मीच."

हेंकनं कागदाची घडी घातली. मग या लोकांच्या पद्धतीनं, सगळ्यांसमोर, सरळ सांगितलं : इमारतीच्या कामात आता तू नको, माधवी. बंबावर तू हवीसच. तू म्हणालीस, ठीक आहे. आणि कपडे बदलायला पडद्यामागे गेलीस. मी कॉफी संपवली. आभारसुद्धा मानले.

परत येताना आपण सायकली हातात धरून चालत होतो. लख्ख ऊन होतं अजून. आपलं भांडण इथे सुरू झालं, तर ते जसं झालं तसंच लिहिते.

"तू का सांगितलंस तुझं म्हणून?" मी विचारलं.

"मग काय सांगू? ही पोरगी, जी कॉफीला थँक्यू म्हणताना लाल होते, तिचं?"

"मी सांगणार होते."

"कधी? पुढच्या वर्षी?"

"मला वाचव असं मी म्हटलं होतं का तुला?"

"वाचवलं नाही गं. वेळ जात होता तिथे. कोणीतरी 'हो, मी' म्हटल्याशिवाय पुढचं बोलणं सुरू झालं नसतं. आग लागली की कोणी लावली ते नंतर बघतात."

"मग नंतर मी सांगेन."

"सांग की. येत्या सोमवारी ये आणि सांग. मला काही फरक पडत नाही, मी निगरगट्ट आहे. पण अनू, तू सगळ्यांना तुझ्या वतीनं बोलायला लावतेस. तुझ्या आईला, मला, त्या सायकलवाल्याला. गिझर बिघडला तर त्याच्या दाराखालून चिठ्ठी सरकवतेस, माणूस आत बसलेला असताना."

"तुला सोपं आहे. तुला माणसं आवडतात."

"मला?" तू थांबलीस. "पहिलं वर्षभर सोमवार आला की मला जाऊच नये वाटायचं. त्यांचे विनोद कळायचे नाहीत. घरी येऊन विनायकवर खेकसायचे. तुला काय वाटलं, मी जन्मतःच बंबावर बसून आले?"

मी काहीतरी लागेल असं बोलले. तुला आठवत असेल. म्हणाले, "तुला हिरो व्हायला आवडतं, म्हणून तू माझी चूकसुद्धा घेतलीस." तू माझ्याकडे बघितलंस, आणि मग सायकलवर बसून पुढे गेलीस. कोपऱ्यावर हात केलास, नेहमीसारखा. मी केला नाही.

त्या सोमवारी मी आले नाही. ऑफिसात काम आहे असं कळवलं. नव्हतं. त्याच्या पुढच्या सोमवारी सर्दी झाली, तीही नव्हती. तू विचारायचं सोडलं नाहीस. शेवटचा निरोप अजून माझ्या फोनवर आहे : "उद्या येतेस का? चकल्या केल्यात." मी लिहिलं, "बघते." नाही म्हणायची हिंमत नसते, तेव्हा मी बघते म्हणते. तुला ते ठाऊक होतं. तू अंगठा पाठवलास.

तो रविवार होता. कपडे वाळत घालताना तू खाली पडलीस. विनायकदादांनी रुग्णवाहिकेला फोन केला आणि मिनिटभरात घरात पेजर वाजायला लागला, कारण अशा वेळी जवळच्या दलालाही बोलावणं जातं. ते मला नंतर म्हणाले, "मी सवयीनं हाक मारली गं तिला. माधवी, पेजर वाजतोय." त्यावर तुमच्याच घराचा पत्ता होता. हेंक आणि बाकीचे धावत आले. तुझ्याशिवाय जेवढे जमायचे तेवढे सगळे जमले. रुग्णालयात तू दोन दिवस होतीस. मला काचेतून बघू दिलं. काही बोलायचं असेल तर आत जाऊन बोला, तिला ऐकू येत असेल, असं नर्स म्हणाली. आत तुझ्या मावशी होत्या, विनायकदादा होते. मी बोलले नाही.

निरोपाच्या दिवशी तुझी रेवा बोलली. दहा वर्षांची मुलगी, कागद न धरता, स्वच्छ डचमध्ये. बंब तुझ्या पुढे चालला होता, माणसाच्या चालीनं. तोसआजी आपल्या फाटकाशी काळा कोट घालून उभ्या होत्या. मी सगळं बघून ठेवलंय. बघणं मला येतं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी रेवाला शाळेतून आणायला जायला लागले. एकदा तिनं चालता चालता विचारलं, डचमध्येच, "ती फळी आईची चूक होती ना?"

"कोण म्हणालं?"

"वर्गातली एक मुलगी. तिचे बाबा दलात आहेत. ते म्हणाले, माधवी चांगली होती, पण त्या फळीमुळे सगळं फिसकटलं."

मी मराठीत म्हणाले, "आईची नाही. माझी. मी सुचवलं होतं, मीच लिहिलं होतं."

रेवा थांबली. तुझ्यासारखीच थांबते ती, सगळं अंग थांबवून. "मग तू तेव्हा सांगितलं का नाहीस?"

'बघते' म्हणायची सोय नव्हती. मी तिचं दप्तर घेतलं. ती परत घेऊन माझ्यापुढे चालायला लागली.

पालिकेच्या सभेत कोणाही नागरिकाला पाच मिनिटं बोलता येतं, आदल्या दिवशी दुपारच्या आत फोन करून नाव दिलं तर. ईमेल चालत नाही का, मी वेबसाइटवर तीनदा बघितलं. मग ऑफिसच्या जिन्यात जाऊन फोन केला. आयुष्यातला पहिला डच फोन. पलीकडच्या बाईनं विचारलं, विषय काय? मी म्हणाले, बंबखाना. मराठीतच म्हणाले. मग सुधारलं.

काल ती सभा झाली. तुझ्या जाण्यानंतरची पहिली. गावाच्या हिश्श्याच्या अटीवर मतदान होतं. सभासदांनी सुरुवातीला तुझ्यासाठी एक मिनिट उभं राहून शांतता पाळली. मग माझं नाव पुकारलं. मी कागद टेबलावर ठेवला आणि वाकून वाचलं.

मी म्हणाले : ती वर्गणी माझी कल्पना होती. यादी मी लिहिली. माधवीनं माझं नाव पुढे येऊ दिलं नाही. मी जिथून येते तिथे शेजारी मिळून उत्सव करतात, तेव्हा अशी यादी लावतात. ती आभार मानायची पद्धत आहे. तिच्यावरून कोणाची ऐपत मोजत नाहीत. त्या फळीवरचे बरेचसे पैसे लोकांनी माधवीकडे बघून दिले. कृपा करून तो फोटो पुरावा म्हणून वापरू नका. गावाकडे इमारतीचे पैसे नाहीत.

पाच मिनिटं मला दिली होती. माझं दोन मिनिटांत संपलं. क्षणभर, ताई, मला वाटलं की झालं.

मग एका सभासदानं, फार सौजन्यानं, विचारलं, "एकच खुलासा. हे पैसे लोकांनी स्वखुशीनं दिले होते ना?"

मी म्हणाले, "हो."

"धन्यवाद."

बस. त्या एका 'हो'नं माझी दोन मिनिटं पुसून टाकली. ते खरं होतं, म्हणून मला ते परतही घेता येईना. पालिकेच्या बाई बोलायला उठल्या तेव्हा त्यांचे डोळे खरंच भरले होते, नाटक नव्हतं. त्या म्हणाल्या, या मुलीचं बोलणं ऐकून तर अधिकच पटतं की माधवीनं या गावाला एकत्र आणलं. गावाचा हिस्सा आपण तिच्या नावानं जमवू. माधवी निधी. तिचं अपुरं काम गाव पुरं करेल. सगळ्यांनी बाकावर हात आपटले. मग हात वर झाले. मी मोजले नाहीत. जी अट मोडावी म्हणून तू रात्रंदिवस कुढलीस, ती आता तुझ्या नावानं पक्की झाली आहे, आणि तिच्याविरुद्ध बोलणं म्हणजे तुझ्याविरुद्ध बोलणं.

सायकली लावतात तिथे हेंक भेटला. म्हणाला, "तुझं डच ठीक आहे की."

मी म्हणाले, "मी हे तेव्हाच सांगितलं असतं तर?"

"तरी हेच झालं असतं. फोटो त्यांच्याकडे होताच."

"मग तिला बाजूला का केलंत?"

त्यानं कुलूप काढायला बराच वेळ घेतला. "मला कोणावर तरी चिडायचं होतं. आणि ती समोर उभी राहून 'मी' म्हणाली."

म्हणजे बघ. मी सांगितलं असतं तर बंबखान्याचं काहीच वेगळं झालं नसतं. पण तुझे शेवटचे ते काही आठवडे वेगळे गेले असते. एवढ्यासाठी मी बोलायला हवं होतं, आणि एवढ्यासाठीच तू मला सोमवारी बोलवत होतीस का? की तुला खरंच फरक पडत नव्हता? 'मी निगरगट्ट आहे' हे तू खोटं बोललीस की खरं, ते मला आता कोण सांगणार? तुला हिरो व्हायला आवडतं, असं मी म्हणाले होते. ते मागे घेते. माफी मागत नाही, कारण माफ करणारं कोणी नाही, आणि उगाच हवेत मागितलेली माफी तुला आवडली नसती. आणि आभार मानते. रस्त्याच्या मधोमध सायकल चालवणाऱ्या एका मुलीला तू ओरडून बाजूला केलंस, जेवलीस का विचारलंस, आणि मटार सोलताना तिचं एक वाक्य तुला परत ऐकावंसं वाटलं. माझं बोलणं परत म्हणायला लावणारं दुसरं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

आता पुढचं. मुदत कमी आहे. हेंकनं आज गल्ल्या वाटल्या. या खेपेला बंद डबे, यादी नाही, पावती नाही. नियम इथला नेहमीचाच : आपल्या वाट्याच्या गल्लीतलं एकही दार वगळायचं नाही, कारण वगळलं तर त्या घराच्या वतीनं आपणच ठरवल्यासारखं होतं. मी एकही गल्ली मागितली नव्हती. मला जमत नाही, असं म्हणणार होते, पण त्यानं माझ्या हातात डबा दिला आणि पुढच्या माणसाकडे वळला. डब्यावर तुझं नाव चिकटवलंय, तुझा तो गणवेशातला फोटो आहे.

मला तुमचीच गल्ली आली आहे. मी म्हणाले, तेवढं एक घर सोडलं तर नाही का चालणार? हेंक म्हणाला, "सोडलंस तर विनायकला जास्त लागेल."

शनिवारी सकाळी जायचं आहे. बाकीच्या दारांवर काय म्हणायचं ते मी लिहून काढलंय, पाठही केलंय. तुमच्या घरी बेल वाजली की रेवा धावत येते दार उघडायला. माझ्या हातात तो डबा असेल, आणि मी तिच्याकडे तिच्या आईच्या नावानं वर्गणी मागायची आहे.